चुकीला शोभणारा शब्द

"हे वाचा आणि सांगा बाबूजी, माझ्या नवऱ्यानं खून केलाय का?"

गुड्डीनं कागद माझ्या टेबलावर आपटला. ती बुंदेलीत बोलली, मी मराठीत लिहितोय. तिच्या मागे तिचा नवरा कमलेश उभा होता, मान खाली घालून. तो झाशीजवळ बबीन्याला एका इंग्रजी शाळेची बस चालवतो.

मी टायपिस्ट. झाशीच्या कचेरीबाहेर टिनाच्या शेडखाली बसतो. आधी मशीन होतं, आता कंप्यूटर आहे, शेड तीच. शिक्षण आठवीपर्यंत. इंग्रजी माझ्या बोटांना येतं, तोंडाला फारसं येत नाही.

तर तो कागद म्हणजे एक्स्प्लनेशन. नोकरीत चूक झाली की साहेब लेखी जबाब मागतो, त्याला एक्स्प्लनेशन म्हणतात. यात पहिल्याच ओळीत लिहिलं होतं, माझ्या हातून 'मॉन्युमेंटल ब्लंडर' झाला. खाली 'हीनस एरर'. त्याच्या खाली 'कॅटास्ट्रॉफिक फेल्युअर'.

"कोणी लिहिलं?"

"हमारे भैया ने. मोबाइल से निकाला."

"भैया काय करतो?"

"डीजे का काम है उनका."

"दिसतंच आहे. सगळं फुल व्हॉल्यूमवर आहे."

कमलेशला हसू आलं. गुड्डीनं त्याच्याकडे पाहिलं. हसू गेलं.

आता हे समजून घ्या. इंग्रजीत चुकीला वाटेल तो शब्द लावता येत नाही. 'हीनस', म्हणजे अघोरी, हा गुन्ह्याबरोबर जातो. खून, बलात्कार, असलं काही. चुकीबरोबर त्याला कोणी बसवत नाही. 'मॉन्युमेंटल ब्लंडर', म्हणजे डोंगराएवढी घोडचूक, ही जोडी बरोबर आहे, पण ती पेपरवाले सरकारबद्दल लिहितात. स्वतःबद्दल कोणी असं लिहिलं तर वाचणाऱ्याला वाटतं, हा थट्टा करतोय.

शाळेच्या प्रिन्सिपल मॅडम दक्षिणेकडच्या. हिंदी बोलतात, पण हिंदी कागद वाचायला त्यांना त्रास होतो, म्हणून सगळं इंग्रजीत. त्यांनी हा कागद वाचून कमलेशला विचारलं, "यातला एक तरी शब्द तुम्हाला कळतो का?" तो म्हणाला, "नहीं, मैडम." खरं बोलला. मॅडम म्हणाल्या, "उद्या सकाळी तुम्हाला कळेल असं लिहून आणा. नाहीतर बसची चावी ठेवून जा."

"पण झालं काय होतं?" मी विचारलं.

गुड्डीनंच सांगितलं. दुपारी मुलांना घरोघर सोडून यानं बस घराच्या दारात आणून लावली, लॉक केली, जेवायला बसला. शेवटच्या सीटवर केजीतली एक मुलगी झोपली होती. मदतीची बाई त्या दिवशी रजेवर. गुड्डी गच्चीवर पापड वाळत घालत होती, तिला काचेवर थपथप ऐकू आली. मुलीला काही झालं नव्हतं. खूप रडली, पाणी प्यायली, आईला बोलवा म्हणाली. थंडीचे दिवस होते म्हणून निभावलं. उन्हाळा असता तर हा कागद कोणी दुसऱ्यानंच लिहिला असता, पोलिसात.

"ठीक आहे," मी म्हटलं. "बसा."

आम्हा टायपिस्ट लोकांकडे साचे तयार असतात. उशिरा आला, फाइल हरवली, न सांगता गैरहजर राहिला, प्रत्येकाचा साचा वेगळा. नाव आणि तारीख बदलली की माल तयार. माझ्या सगळ्या साच्यांत एक जोडी कायम असते, 'इनॲडव्हर्टंट ओव्हरसाइट'. म्हणजे नकळत नजरेतून सुटलं. ही जोडी साजूक तुपासारखी. कशावरही घाला, घशाखाली उतरतं. यानं कितीतरी नोकऱ्या वाचल्यात.

प्रिंट काढून पुढे केला. गुड्डी खूश. "देखा? एक लाइन में काम हो गया."

कमलेशनं पेन घेतलं नाही. "बाबूजी, इसका मतलब?"

"छोटी सी बात थी, नज़र से छूट गई."

त्यानं प्रिंट माझ्याकडे सरकवला. मग म्हणाला, "बाबूजी, बच्ची छोटी थी. बात छोटी नहीं थी."

"हाँ, बनो राजा हरिश्चंद्र!" गुड्डी उसळली. "नौकरी जाएगी तो बस में तुम बैठना पीछे की सीट पे."

"काँच पे हाथ मार रही थी वो," तो म्हणाला. "तुमई ने तो सुना था."

गुड्डीनं मान खाली घातली. आल्यापासून पहिल्यांदाच.

मी आजवर लोकांना अर्थ सांगत आलो, पण सांगितलेला अर्थ कोणी परत केला नव्हता.

अशा वेळी मी कागद घडी करून पिशवीत ठेवायचो आणि संध्याकाळी घरी न्यायचो. माझी बायको नलिनी ग्वाल्हेरची, मॅट्रिक झालेली, माझ्यापेक्षा चांगली शिकलेली. ती कणीक मळत असायची, मी स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून वाचायचो. व्याकरणाची नावं तिलाही येत नव्हती. ती नुसतं म्हणायची, "अहो, हे बसत नाही. श्रीखंडाबरोबर भाकरी वाढल्यासारखं वाटतंय." एकदा मी कोणासाठी तरी 'हेवी मिस्टेक' लिहिलं होतं. ती म्हणाली, "हेवी पाऊस असतो. चूक सिरियस असते." मी म्हटलं, का? तर म्हणे, "का काय का? पुरणपोळीवर तूप का, तेल का नाही?"

सवयीनं मी तो प्रिंट घडी केला आणि पिशवीत घातला. मग आठवलं की गेल्या वर्षी नलिनी गेली, आता घरी ऐकायला कोणी नाही. परत काढला.

"चला," मी कमलेशला म्हटलं. "इथेच करू."

जोड्या काढल्या. 'ग्रॉस निग्लिजन्स', म्हणजे घोर हलगर्जीपणा. जोडी पक्की. पण हे मालकानं काढून टाकताना लिहायचे शब्द. आपणच लिहून देणं म्हणजे न्हाव्याला वस्तरा देऊन मान पुढे करणं. 'ग्रेव एरर'. हीसुद्धा बरोबर, पण कोर्टातल्या निकालात शोभते. बसच्या ड्रायव्हरनं तसं लिहिलं तर कोणाचा तरी कोट घालून आल्यासारखा दिसेल.

राहिलं 'सिरियस मिस्टेक'. नलिनीच्या भाषेत वरणभात. पाहुणा कोणीही असो, वरणभाताला कोणी नावं ठेवत नाही.

"मतलब?" कमलेश.

"गंभीर गलती."

त्यानं मान हलवली. "हाँ. यही थी."

गुड्डीचं मन अजून भरलं नव्हतं. "बाबूजी, जरा हलका कर दो. 'थोड़ी सी गंभीर' लिख दो."

"लिहितो. आणि खाली लिहितो, बाई थोडीशी गरोदर आहे."

तिनं पदर तोंडाला लावला. शेजारच्या टेबलावरचा टायपिस्ट मोठ्यानं हसला, त्याला तिनं चार शब्द सुनावले.

मग कमलेश हिंदीत बोलत गेला, मी इंग्रजीत टाइप करत गेलो. माझ्या हातून गंभीर चूक झाली. बस लॉक करण्याआधी मी शेवटच्या सीटपर्यंत गेलो नाही. एक मुलगी आत राहिली. ती घाबरली. आता रोज शेवटच्या सीटपर्यंत जाईन, मगच लॉक करीन. खाली नाव.

"बस, इतना ही?" गुड्डी म्हणाली.

"डीजे बंद केला की इतकंच उरतं."

मी त्याला साफ सांगितलं. 'ओव्हरसाइट'च्या कागदानं नोकरी वाचायचा चान्स जास्त आहे. यानं जाऊही शकते. हे कबूल करणं आहे. पुन्हा विचार कर.

त्यानं गुड्डीकडे पाहिलं. गुड्डी माझ्या की-बोर्डाकडे बघत होती. म्हणाली, "हमें का देख रए? दस्तखत करो." त्यानं सही केली.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिचा फोन आला. "बाबूजी, निकाला नहीं!" मग सगळं एका दमात. मॅडमनी कागद वाचला. एकेका ओळीवर बोट ठेवून अर्थ विचारला. यानं सगळ्यांचा बरोबर सांगितला. बस काढून घेतली, परीक्षा होईपर्यंत गेटवर उभं राहायचं, मग बघू. आणि ड्रायव्हरनं शेवटच्या सीटपर्यंत जायचं हा नियम आता सगळ्या बसना लावला.

परीक्षा झाल्यावर बस परत मिळाली. आता कमलेश बस लावून मागेपर्यंत जातो, आणि गुड्डी गच्चीवरून ओरडते, "सीट के नीचे भी देखो!" मुलगी त्याला रोज टाटा करते. तिची आई अजून त्याच्याशी बोलत नाही. तिच्यासाठी पुरेल असा शब्द माझ्याकडे नाही, कोणाकडेच नसेल.

तुम्हाला वाटेल, मी 'इनॲडव्हर्टंट ओव्हरसाइट'चा साचा पुसला. नाही पुसला. फाइल हरवणारे रोज येतात, त्यांना तो बरोबर होतो. फक्त आता प्रिंट काढण्याआधी विचारतो, आत कोणी राहिलं होतं का?

गुड्डीचा फोन आला त्या संध्याकाळी त्या कागदाची कॉपी मी घरी नेली. स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिलो आणि सगळा कागद मोठ्यानं वाचला. आतून कोणी काही म्हणालं नाही. म्हणजे बरोबर असणार. एक शब्द जरी चुकीच्या ताटात पडला असता, तरी ती बाई गप्प बसली नसती.