विमानावर उधळलेला भंडारा

दिनांक : जानेवारीतला दुसरा रविवार. स्थळ : पुण्याजवळचं हवाई कसरतींचं मैदान. हजर : मी, मुलगी तेजश्री, धाकटे दीर पोपटभाऊ आणि डिंगोऱ्याच्या शेवंताबाई. गैरहजर : आमचे हे (कांद्याची लागण).

ही सहल नव्हती, तेजश्रीच्या लग्नाची बोलणी होती. शेवंताबाईंचा मुलगा निखिल विमानांचा मेकॅनिक. पूर्वी लष्करी वैमानिक ज्यावर शिकायचे, ते एकावर एक पंखांच्या दोन जोड्या असलेलं म्हातारं विमान त्याच्या ताब्यात. दोरीलगतचे पास त्यानेच दिले. मुलांची पसंती झाली होती, शेवंताबाईंचा होकार तेवढा बाकी होता. म्हणून मी आदल्या दिवशीच सूचनांची यादी वाचून दाखवली. तिसरी सूचना खास पोपटभाऊंसाठी : हा बैलगाडा शर्यतीचा घाट नाही, ओरडायचं नाही.

आळेफाट्याला चहा घेताना त्यांच्या खिशात भंडाऱ्याची पुडी सापडलीच. आमच्याकडे घाटात बैल सुटले की हळदीचा भंडारा उधळतात.

"वहिनी, एवढं विमान पळणार, आन् आपण रिकाम्या हातानं जायचं व्हय?"

मी पुडी जप्त करून सुरक्षित जागी ठेवली. (माझ्या पर्समध्ये!)

मैदानावर सगळं यादीप्रमाणे चाललं. शेवंताबाई मोतिया रंगाची नवी साडी नेसून माझ्या मागच्या खुर्चीत बसल्या. निखिलने विमानाचा पंखा हाताने फिरवला, जुनं ऑइल इंजिन हँडल मारून चालू करतात तसा. फट् आवाज, धूर, शांतता. पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी इंजिन धडाडलं. विमान आमच्याकडे शेपूट करून वळलं आणि थरथरायला लागलं. सुटायच्या आधी बैलजोडी अशीच थरथरते.

मी पिंपरी पेंढारची. लहानपण घाटाच्या कडेला गेलेलं. पुढचं सगळं माझ्या हातांनी केलं, मला विचारलंसुद्धा नाही. पर्स उघडली, पुडी फुटली, "भिर्रर्र!" अशी आरोळी गेली (तीही माझीच) आणि मूठ रिकामी झाली.

विमानाच्या पंख्याचा वारा मागे येतो, हे माझ्या कुठल्याच यादीत नव्हतं. भंडारा निम्म्या वाटेतून परत आला. धुरळा बसला तेव्हा शेवंताबाई डोक्यापासून पायापर्यंत पिवळ्या होत्या. त्यांनी चष्मा काढला, तर डोळ्यांभोवती दोन स्वच्छ गोल! विमानाने वर छान कोलांट्या मारल्या म्हणे. आमच्यापैकी कुणीच वर पाहिलं नाही.

"वहिनी, मी तर गपच व्हतो," पोपटभाऊ हळूच म्हणाले.

शेवंताबाई "कळवते" एवढंच बोलून गेल्या. तेजश्रीने दोन दिवस माझ्याशी अबोला धरला. तिसऱ्या दिवशी फोन आला.

"विहीणबाई," पलीकडून आवाज आला, आणि तो शब्द ऐकून मी होते तिथेच खाली बसले. "व्हय म्हणायच्या आधीच हळद लावून मोकळ्या झालात. आता नाय कसं म्हणू? पण एक अट हाय. लग्नात अक्षता तुमच्या हातात द्यायच्या न्हाईत."

अट मान्य आहे. हॉल, आचारी, पत्रिका, सगळ्यांपुढे बरोबरच्या खुणा झाल्या. एकच ओळ अजून कोरी आहे : मंगलाष्टकं चालू असताना माझे हात धरून ठेवायला कोण?