मुदत संपलेल्या नावांच्या मागे

लोक म्हणतात, कल्पनाताई, सगळं तुमच्याच दुकानात कसं घडतं? घडत नाही हो. दुसरीकडे घडतं आणि आमच्या बाकावर येऊन बसतं. उठायला सांगितलं तरी उठत नाही.

चंद्रपुरात माझं आणि माझे दीर प्रफुल्लभाऊजी यांचं वेबसाइट बनवून देण्याचं छोटंसं दुकान आहे. वेबसाइटसाठी चांगली नावं आधीच कोणीतरी घेऊन ठेवलेली असतात, म्हणून आम्ही मुदत संपलेली शोधतो. जुन्या मालकाने नाव चालू ठेवलं नाही, तर काही काळाने ते मोकळं होतं आणि कोणालाही घेता येतं. ऐकायला एवढंच आहे. आम्हीही ऐकूनच या धंद्यात पडलो.

*

पहिलं गिऱ्हाईक डोमाजीभाऊ, मूल गावाकडचे तांदूळवाले. त्यांना हवं होतं त्या नावाची मुदत संपलेली दिसत होती.

"मंग घेऊन टाका ना," ते म्हणाले.

भाऊजींनी समजावलं, "लगेच नाही मिळत. मालकाला आधी सवलतीचे दिवस असतात. ते गेले तरी दंड भरून नाव सोडवता येतं. तेही झालं, की मग ते यादीतून पुसलं जातं. आपला नंबर त्यानंतर."

डोमाजीभाऊ विचारात पडले. "म्हणजे मेलं, पण तेरवी व्हायची आहे."

भाऊजींना हे इतकं आवडलं की ते "हो" म्हणून बसले. तेरवीचा हिशेब धरून तेराव्या दिवशी डोमाजीभाऊ इस्त्रीचा शर्ट घालून हजर. स्क्रीनवर पाहतो तर मालकाने आदल्याच दिवशी नाव सोडवून घेतलेलं.

डोमाजीभाऊंनी स्क्रीन पुन्हा जवळून पाहिली. मग म्हणाले, "पंगत बसली, अन् मेलेला माणूस पत्रावळ घेऊन मधात येऊन बसला. आता याले वाढाव का नाई?"

*

कुरखेड्याकडच्या शकुंतलाबाईंचा बचत गट मोहाचे लाडू करतो. त्यांच्या आवडीचं नाव लवकरच मोकळं होणार होतं. ते मोकळं होताच आपोआप आपल्याला मिळावं म्हणून एका कंपनीकडे आधीच मागणी नोंदवता येते. भाऊजी फोनवर त्यांना म्हणाले, "काळजी करू नका, नंबर लावून ठेवला आहे."

दुसऱ्या दिवशी दुकान उघडायला गेलो, तर बाई पायरीवर, डबा घेऊन.

"तुम्ही इथे कशाला आलात?"

"नंबर लावला म्हणलं ना भाऊ? मंग कोणी उभं राहाले पायजे का नाई?"

मी परोपरीने सांगितलं की नंबर कॉम्प्युटरमध्ये आहे. त्या मान हलवत होत्या, पण जेवायला बाहेर गेल्या तेव्हा खुर्चीवर पिशवी ठेवून गेल्या. नाव त्याच दिवशी मिळालं. भाऊजी म्हणतात, आधी केलेल्या नोंदणीमुळे. बाईंनी गटात सांगितलं, पिशवीमुळे.

आता त्यांच्या गावचं कोणीही आलं की आधी पिशवी ठेवतं.

*

काही नावं मात्र मोकळी होतच नाहीत. मुदत संपली की थेट लिलावात जातात. वरोऱ्याच्या एका बियाणेवाल्याने असंच एक नाव सांगितलं. मी बोली लावायला बसले. समोरचा माणूस सोडायला तयार नाही. मी वाढवलं की तो वाढवी.

आमची टेबलं पाठीला पाठ लावून आहेत. मागून भाऊजी म्हणाले, "वहिनी, मी एका लिलावात अडकलोय. एक जण हटतच नाही."

"माझ्याकडेही तसाच एक आहे," मी म्हटलं. "दम धरा. थकेल तो."

आम्ही एकमेकांना धीर देत राहिलो. चहाही तिथेच मागवला. इतक्यात लाईट गेली आणि दोघांचेही कॉम्प्युटर बंद पडले. मी घाईघाईने मोबाईलवर लिलाव उघडला. समोरचाही थांबला होता.

"भाऊजी, त्याच्याकडेही लाईट गेलेली दिसते."

भाऊजींनी खुर्ची वळवून माझ्या मोबाईलवरचं नाव वाचलं. बियाणेवाल्याने तेच नाव दोघांनाही वेगवेगळं सांगून ठेवलं होतं.

*

गजूभाऊंचं घुग्घुसला मोटारसायकलचं गॅरेज आहे. गिऱ्हाईक सगळं खाणीतल्या शिफ्टवाल्यांचं. त्यांना एक छोटंसं, झकास नाव पहिल्याच फटक्यात मिळालं. इतकं चांगलं नाव कोणालाच कसं नको होतं, हा विचार तेव्हा आमच्या मनात आला नाही.

काही दिवसांनी त्यांचा फोन आला. "ताई, माह्या गॅरेजचं नाव इंटरनेटवर शोधलं तं चिनी भाषेतला जुगार दिसून राह्यला."

आधीचा मालक त्या नावावर सट्टा चालवत होता. जुनी पानं इंटरनेटवर जपून ठेवलेली असतात आणि नाव घेण्याआधी ती बघायची असतात, हे आम्ही त्या दिवशी शिकलो. मी गजूभाऊंची माफी मागितली.

"माफी राहू द्या. पोरं पंक्चर काढाले येतात अन् आकडा विचारतात. एक जण तं रोज डोकं खाते. काल मी वैतागून एक आकडा सांगून टाकला."

"मग?"

"लागला ना, ताई. आता सांगा, मी काय करू?"

*

मार्कंड्याच्या पुरुषोत्तमभाऊंचं मी अजूनही कोणाला नीट समजावू शकत नाही. त्यांचं तिथे देवळाजवळ पूजेच्या सामानाचं दुकान आहे. दुकानाची वेबसाइट हवी म्हणून आम्ही त्यांना एका बंद पडलेल्या लॉजचं मोकळं झालेलं नाव घेऊन दिलं. जुनी पानं बघायला गेलो, पण एकही जपलेलं नव्हतं. गावात विचारलं, तर असा लॉज कोणाला आठवेना.

नावासोबत ईमेल सुरू केला. जत्रेच्या आधी त्यावर एका म्हाताऱ्या गृहस्थांचं पत्र आलं: 'दरवर्षीप्रमाणे आम्ही दोघं येतो आहोत. नदीकडची खोली ठेवा.'

पुरुषोत्तमभाऊंनी मला विचारून उत्तर लिहिलं, की लॉज बंद झाला आहे, नाव आता माझ्या पूजेच्या दुकानाचं आहे. उलट उत्तर आलं: 'कळलं. मालक बदलले तरी हरकत नाही. खोली तीच द्या.' त्यानंतर पुरुषोत्तमभाऊंनी किती लिहिलं, पण काहीच उत्तर नाही.

जत्रेच्या गर्दीत दोघं वळकटी घेऊन दुकानासमोर उभे राहिले. आजींचे पाय सुजलेले. पुरुषोत्तमभाऊंच्या पत्नी म्हणाल्या, "आता यायले कुठी पाठवता? आपल्याच घरी राहू द्या." घर नवंच बांधलेलं. नदीकडची खोली त्यांनी रिकामी करून दिली. जत्रा संपेपर्यंत दोघं तिथे सुखाने राहिले.

निघताना आजोबांनी पुरुषोत्तमभाऊंचा हात हातात घेतला. "सगळं जसंच्या तसं ठेवलंत, बरं वाटलं. फक्त मोरीतला नळ डाव्या बाजूला होता. तो उजवीकडे का घेतला?"

पुरुषोत्तमभाऊ हे सांगायला मुद्दाम चंद्रपूरला आले होते. पाणी प्यायले आणि हळू आवाजात म्हणाले, "ताई, नळ पह्यले डावीकडेच लावला होता. प्लास्टर व्हायच्या आधी मीच मिस्त्रीले सांगून उजवीकडे घेतला. तवा त्या घराले छतबी नव्हतं."