आईच्या न्हाणीची फरशी

कळंबहून मी पुण्याला निघालो तेव्हा आई स्टँडपर्यंत आली नाही. माणूस गावाला निघालं की निरोप दारातूनच द्यायचा, लगेच घर झाडायचं नाही, त्या दिवशी डोक्यावरून न्हायचं नाही, असं तिचं शास्त्र. दारातच हातावर दही ठेवून ती आत वळली. बाबा आले. गाडी हलली तेव्हा खिडकीशी येऊन म्हणाले, "तिकडं लाजू नोको. इकडं येत राहजो."

घर सोडलेल्या आपल्यासारख्यांना एक खोड असते. हातात चार पैसे आले की आधी मागचं घर सुधारायला निघतो. आमच्या अंगणात तुराट्यांच्या कुडाआड एक काळा दगड होता, त्याच्यावरच आम्ही सगळे न्हालो. मला त्याची लाज वाटायची, हे आज कबूल करतो. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी मी पुण्यात पाहिल्या होत्या तशा पांढऱ्या, चकचकीत टाइल्सची बाथरूम बांधून दिली. बाबांनी येणाऱ्याजाणाऱ्याला चपला काढायला लावून ती दाखवली. दगड तसाच राहिला. कपडे धुवायला बरा पडतो, असं आई म्हणाली.

बाबा गेले. आई एकटी राहिली. पुण्याला चल म्हटलं की विषय बदलायची. मागच्या दिवाळीत मी घरी पोचलो आणि त्याच सकाळी ती बाथरूममध्ये घसरून पडली. मनगट मोडलं. शेजारच्या शांताकाकू डबा घेऊन आल्या तेव्हा मी म्हणालो, "रोज तिथंच न्हाते, मग आजच कशी पडली?"

"रोज कुठं न्हाते?" काकू म्हणाल्या. "रोज तं दगडावर न्हाते. तू आला का टाइल्सवर जाते. तुले बरं वाटावं म्हनून."

म्हणजे तिला मीच पाडलं होतं. आईला विचारलं, काहून सांगितलं नाही? ती प्लॅस्टरकडे पाहत म्हणाली, "एवढ्या हौशीनं लावल्या तू. तुले कायले दुखवाचं?"

प्लॅस्टर निघाल्यावर तिला घेऊन यवतमाळला टाइल्सच्या दुकानात गेलो. मला एक मधाच्या रंगाची पसंत पडली. आई म्हणाली, "तुले आवडते तेच घे." हे वाक्य मी वर्षानुवर्षं माया म्हणून ऐकत आलो होतो. त्या दिवशी त्याची भीती वाटली. दुकानदाराकडून मगभर पाणी मागितलं, टाइल खाली ठेवून ओली केली, आईच्या चपला काढल्या आणि तिचा हात धरला. तिनं अंगठा टेकवला.

"बरी हाय."

"खरं सांग, आई."

तिनं अंगठा मागं घेतला. मग म्हणाली, "नाही आवडली मले. ते पहिलीबी नवती आवडली. पाय ठेवला का जीव घाबरते माहा."

एवढं बोलून तिला मोकळं वाटलं असावं. सगळं दुकान ओलांडून ती मागच्या कोपऱ्यात गेली आणि एका राखाडी, खडबडीत फरशीवर पाय घासून पाहिला. "हे घे."

"मावशी, हे गाडी उभी कराची फरशी हाय," दुकानदार म्हणाला.

"मंग? गाडी घसरत नाही त मी कायले घसरीन?"

तीच बसवली. दिसायला काही खास नाही, खोटं कशाला बोलू? पण पाठोपाठ दुसरी गोष्ट बोचत राहिली. इतकी वर्षं मी समजत होतो की मी घरी जातो. प्रत्यक्षात पुण्याचा पाहुणा जात होता, आणि आई त्याचं मन राखत होती. तुम्हीही असेच लांब गेला असाल, तर पुढच्या खेपेला तुमच्यासाठी घरात काय काय सोसलं जातं ते जरा पाहून घ्या.

परवा तिचा फोन आला. "नळ लय उंच लावला तू. बादलीतलं पानी सारं बाहेर उडते. आला का खाली घेऊन दे."

घर सोडल्यापासून तिनं मला सांगितलेलं हे पहिलं काम. मी लगेच रजा टाकली.