मळमळीवर लव्हेंडर

करी रोडच्या आमच्या चाळीत संध्याकाळी दार बंद ठेवणारं घर एकतर शिष्ट असतं, नाहीतर तिथे कुणी आजारी असतं. गेल्या वर्षी आमचं दार बंद झालं आणि लोकांनी आम्हाला दोन्ही ठरवलं.

आईच्या कॅन्सरवरचे उपचार डॉक्टरांनी थांबवले होते. आता फक्त त्रास कमी करायचा, असं ते म्हणाले. दुखण्याला गोळ्या होत्या, पण मळमळ हटत नव्हती, आणि ती सुरू व्हायची वासाने. चाळीत वास काही एकट्याचा नसतो. कुणाच्या कढईत लसूण पडला की अख्ख्या मजल्याला कळतं. आजारापूर्वी आई रोज कामावरून आली की गॅलरीत खुर्ची टाकून बसायची आणि तिथून सगळ्या मजल्याचा कारभार बघायची. आता पहिल्याच फोडणीला तिला उलटी व्हायची. म्हणून दार बंद. बरी कधी होणार, असं तिने कधीच विचारलं नाही. एकच विचारायची, "गॅलरीत बसूक कधी मिळतला गो?"

अशात समोरच्या टॉवरमधल्या एक मॅडम आल्या. त्या रुग्णांना सुगंधोपचार देत, तेही मोफत. लाकडी पेटीत मखमलीवर छोट्या बाटल्या होत्या. मी म्हटलं, "आईला वासाचाच त्रास होतो." त्या हसून म्हणाल्या, "वास नाही म्हणायचं, बेटा. सुगंध." आईला लव्हेंडर चालेल का, हे मात्र त्यांनी आईला विचारलं नाही. विचारायचं असतं, हे तेव्हा मलाही सुचलं नाही. बाटली ठेवली, कापसावर एक-दोन थेंब टाका म्हणाल्या आणि एक इंग्रजी पुस्तिका दिली.

घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच, म्हणून वाचायचं काम माझ्याकडे. मी आईला आणि मदतीला येऊन राहिलेल्या मामीला मराठीत सांगू लागले. खोली शांत असावी. मंद संगीत असावं. बागेकडची खिडकी उघडावी. आमची खिडकी मजल्याच्या संडासाकडे उघडते. मला हसू येत होतं, पण हसावं की नाही ते कळेना. आमच्या घरात छापलेल्या इंग्रजीला कुणी हसत नाही.

"दोन थेंबान काय होतला?" मामी म्हणाली. "दिल्यानी हा तर नीट वापरूया."

दुसऱ्या दिवशी मी कॉलेजात असताना मामीने डासांच्या मशीनची रिकामी बाटली धुतली, त्यात ते तेल ओतलं आणि मशीन लावलं. दार बंद, खिडकी बंद. मी आले तेव्हा आई घमेल्यावर वाकलेली होती. पोटात काही उरलं नव्हतं, तरी उमासे थांबत नव्हते. श्वास मिळाल्यावर तिचं पहिलं वाक्य होतं, "मॉलच्या संडासात निजवलंस माका?"

आजारी पडेपर्यंत आई एका मॉलमध्ये साफसफाईला होती. तिथे फरशीला लव्हेंडरचंच पाणी मारतात. मॅडमना ज्या वासाने ध्यान लागत होतं, तो आईच्या ड्युटीचा वास होता.

मी मॅडमना फोन केला. मामीने काय केलं तेही सांगितलं. त्या शांतपणे म्हणाल्या, "शरीर विष बाहेर टाकतंय. चांगलं लक्षण आहे." मी "हो मॅडम" म्हटलं आणि फोन ठेवला. समोरचा माणूस उलटी करत असताना त्यात चांगलं लक्षण दिसायला किती उंचावर राहावं लागतं, हे मला अजून नीट सांगता येत नाही.

मग हॉस्पिटलकडून घरी येणाऱ्या सिस्टर आल्या. त्यांनी डॉक्टरांशी बोलून उलटीची गोळी बदलली, ती जेवणाआधी द्यायला सांगितली आणि जेवण गार करून द्या म्हणाल्या. "सुगंधाने कुणाला बरं वाटतं, कुणाला नाही. गोळीच्या जागी मात्र तो चालत नाही." मग आईकडे वळून म्हणाल्या, "तुम्हाला कसला वास आवडतो?"

आई म्हणाली, "लिंबाचो. साल नखान खरवडलेली."

नव्या गोळीने थोडा उतार पडला तशी आईने खुर्ची मागितली. मामी कुरकुरली, "लिंबू घेऊन भायर बसलंस तर लोक म्हणतले करणी करता."

"म्हणांदेत. उसनी साखर मागूक तरी कोण येवचो नाय."

नेमक्या त्याच संध्याकाळी मॅडम आल्या. गॅलरीत आई बसलेली पाहून त्यांचा चेहरा उजळला. "बघा! सुगंधाने काम केलं ना!" त्यांना फोटो हवा होता, आईच्या हातात बाटली देऊन.

आईने लिंबू नाकापासून हलवलं नाही. "बाटली आमच्या वैनीन संपवल्यान. पण गुण इलो हा. डास एकय रवाक नाय."

मॅडमना ते कळलं की नाही, ठाऊक नाही. त्या लिंबाचाच फोटो काढून गेल्या.

तेवढ्यात शेजारच्या तव्यावर मासा पडला. मी धावत घमेलं आणलं आणि आईच्या पायाशी टेकवलं. आईने सालीत नख रुतवलं, डोळे मिटले. मामी दार लोटायला पुढे झाली, तिला आईने हातानेच थांबवलं. मग डोळे उघडून, अख्ख्या मजल्याला ऐकू जाईल अशा आवाजात ती म्हणाली, "तेंचो बांगडो शिळो हा."

"सकाळचाच आहे हो काकी!" आतून शेजारीण ओरडली.

आई पुढचं भांडण जमवू लागली. मी घमेलं उचलून आत ठेवलं.