दारापुढचा वाफा

फाटक आणि दार यांच्या मधे वहिनींचा वाफा होता आणि त्यात बारा महिने काही ना काही फुललेलं असायचं. झेंडू ओसरला की झिनिया, झिनिया दमली की तेरडा, मग ॲस्टर, थंडीत शेवंती. सगळी एकाच वाफ्यात, एकमेकांच्या पायात पाय घालून. शेजारणी म्हणायच्या, तुमच्या हाताला गुण आहे. वहिनी हसून विषय बदलायच्या. गुण हाताचाच होता, पण त्यांच्या नवऱ्याच्या.

नवरा गॅरेजात मेस्त्री. गंजून बसलेले नट एका झटक्यात सोडवणारा माणूस. त्या हाताची थोबाडीत बसली की वहिनींच्या कानात दिवसभर शिट्टी वाजायची. लग्नाच्या पहिल्या वर्षी दात पडला, लेक झाली त्या वर्षी बरगडी मोडली. मग एकदा तो असाच पेटून घरी येत असताना दारापुढच्या झेंडूच्या कुंडीवर त्याची नजर गेली. त्याने ती लाथेने उडवली, रोप उपटलं, बुटाखाली फुलांचा लगदा केला आणि धापा टाकत आत येऊन मुकाट जेवला. वहिनींनी ते बरोबर हेरलं. त्या कामाला होत्या त्या रोपवाटिकेतून उरलीसुरली रोपं मागून आणली आणि दारापुढची जमीन खणायला घेतली.

हिरव्या पाल्यावर त्याचा राग निघत नसे, ही त्यातली मेख. डोळ्यांत भरेल असं फुललेलंच काहीतरी लागे. म्हणून एकाचा बहर संपायच्या आत दुसऱ्याचा सुरू झाला पाहिजे, अशी सगळी लावणी. तो यायचा, तुडवायचा, देठ पिरगाळायचा, रोपं मुळासकट उपटून भिंतीवर आपटायचा. सकाळी वहिनी मेलेली काढून नवी लावायच्या. लोकांना फुलं दिसायची. भिंतीवरचे मातीचे डाग कोण बघतंय?

लेक मोठी झाली, बापाला उलट उत्तरं देऊ लागली, तशी वहिनींची पाचावर धारण बसली. मार खायची त्यांच्या अंगाला सवय होती, पण पोरीला त्याचा हात लागता कामा नये. तो फाटकातून शिरताना तोंड कसं आहे हे लांबूनच कळावं म्हणून त्यांनी दारावर मोठा दिवा लावला. तो कधी येईल याचा नेम नसे, त्यामुळे दिवा रात्रभर जळे.

इथेच त्या फसल्या. शेवंतीला रात्रीचा काळोख लागतो, उजेडात ती कळी धरत नाही. रोपवाटिकेत हे त्या गिऱ्हाइकांना स्वतः सांगायच्या. पण भ्यालेल्या माणसाला आपलं शहाणपण आठवतं थोडंच. ॲस्टर संपली, थंडी पडली आणि वाफ्यात नुसता हिरवा पाला उभा राहिला.

त्या संध्याकाळी मेस्त्री गॅरेजच्या मालकाशी भांडून आला. वाफ्याकडे बघितलं, थुंकला आणि सरळ आत शिरला. लेक आरशापुढे वेणी घालत होती. त्याने तीच वेणी मनगटाला गुंडाळली आणि तिचं कपाळ दाराच्या चौकटीवर आपटलं. पुन्हा आपटायच्या आत वहिनींनी कोपऱ्यातलं फावडं उचललं आणि त्याच्या कोपरावर घातलं. हाड मोडल्याचा आवाज आला. तो वळला, तसा दुसरा घाव गुडघ्यावर बसला आणि तो पायरीवरून गडगडत शेवंतीत पडला. वहिनी त्याच्या छातीवर फावड्याचं पातं टेकवून उभ्या राहिल्या.

"पोरीला परत हात लावलास, तर गळ्यावर घालीन," त्या म्हणाल्या. इतक्या वर्षांत त्याला पहिल्यांदाच त्या अरेतुरे करत होत्या.

शेजारी धावले. मोठ्या दिरांनी त्याला दवाखान्यात नेलं आणि तिथून आपल्या घरी. वहिनींनी लेकीच्या कपाळाला टाके घालून आणले, कुलूप बदललं आणि दारावरचा दिवा काढून टाकला. आता कुणाचं तोंड बघायचं होतं?

काळोख मिळाला तशी मोडकी शेवंती उरल्यासुरल्या देठांवर फुलली, पिवळीधमक. लेकीने विचारलं, "आई, ही फुलं झाडावर किती दिवस टिकतात गं?"

वहिनींना सांगता येईना. रोपवाटिकेत ती विकली जायची, घरी तुडवली जायची. मग त्या रोज सकाळी वाफ्याशी बसून बघू लागल्या. पाकळ्या कडेने तपकिरी झाल्या, माना खाली गेल्या आणि कुणी हातही न लावता एक फूल देठावरच सुकलं. वहिनी तिथेच बसून पोटभर रडल्या.