आधी उणं, मग गुण

दुकानात आलेल्या गिऱ्हाइकाला हा कॉम्प्युटर तुमच्या कोणकोणत्या कामाचा नाही, हे सगळ्यांत आधी सांगणारी दुकानदारीण मी जन्मात एकच पाहिली. आमच्या अक्का. चेन्नईच्या मैलापुरात त्यांचं छोटंसं दुकान होतं आणि तिथे फक्त विंडोजऐवजी लिनक्स ही फुकटची प्रणाली घातलेले कॉम्प्युटर मिळायचे. माणूस खुर्चीवर नीट टेकायच्या आत अक्का सुरू व्हायच्या: मुलांचे बरेचसे गेम यावर चालणार नाहीत, ऑफिसातलं हिशेबाचं सॉफ्टवेअर चालेलच असं नाही, घरचा जुना प्रिंटर कदाचित रुसेल. निम्मी माणसं तिथूनच उठायची. माझा जीव नुसता तळमळायचा.

मी मूळची साताऱ्याची. बँकेतल्या नवऱ्याची बदली झाली म्हणून चेन्नईला आले. तमिळचा गंध नाही, दिवसभर भिंतींकडे बघत बसायचं. अक्का तंजावरकडच्या. त्यांचं मराठी जुन्या वळणाचं, त्याला तमिळ हेल. पण ते कानावर पडलं आणि मला माहेर भेटल्यासारखं झालं. त्यांनीच मला दुकानाचं वेबपेज लिहायचं काम दिलं. माझी पहिली नोकरी! मग काय विचारता, मी इंग्रजीतून असं काही लिहून काढलं म्हणता! संगणकक्रांती काय, स्वातंत्र्याची पहाट काय, काही म्हणून बाकी ठेवलं नाही.

अक्कांनी ते सगळं मोठ्यानं वाचलं आणि शांतपणे विचारलं, "सेरी, ठीक. पण हा घेऊन गेलेल्या बाईला घरी काय करता येईल, ते कुठे आहे?"

ते कुठेच नव्हतं.

मग त्यांनी स्वतःची गोष्ट सांगितली. अक्कांचा एक पाय आखूड होता. लग्नासाठी बघायला पाहुणे आले की त्यांचे वडील कॉफी यायच्या आधीच सांगून टाकायचे, मुलगी लंगडते. आई आत कपाळाला हात लावायची. "आधी उणं, मग गुण. उठून गेले ते गेले," अक्का म्हणाल्या, "जो बसला, तो जन्माचा बसला." कोपऱ्यात कॉम्प्युटरचे स्क्रू आवळत बसलेले त्यांचे यजमान, आमचे रावकाका, मान वर न करता हसले.

पानावर पहिला मथळा आला: यावर काय चालत नाही. त्याखाली काय चालतं ते: पत्रं लिहा, ई-मेल पाठवा, तमिळमध्ये टाइप करा, अडलं तर फोन करा, आम्ही घरी येऊ. माझा एकेक अलंकार खोडताना अक्का "पोदुम, पुरे" एवढंच म्हणायच्या. गिऱ्हाइकं बेताचीच आली, पण भांडायला कोणी परत आलं नाही.

काही वर्षांनी नवऱ्याची बदली पुण्याला झाली. आता ही पुन्हा घरी बसणार, हे सासरी सगळे धरूनच चालले होते. मला मात्र त्या विचारानंच रडू यायचं. पुण्यातल्या एका कंपनीत मी अर्ज केला, तर त्यांनी चौकशीला फोन केला तो अक्कांनाच. मी समोरच उभी. अक्का सांगत होत्या, ही लांबण फार लावते, एकदा सांगून ऐकत नाही, आणि सकाळी वेळेवर तर कधीच येत नाही. अहो, निदान आज तरी!

अक्का थांबल्या. पलीकडच्या साहेबानं फोन ठेवला नाही, "बरं, पुढे?" असं काहीतरी विचारलं असावं. मग त्या म्हणाल्या, "लिहिलेलं खोडलं की ती रुसते. पण दुसऱ्या दिवशी त्याहून चांगलं लिहून आणते. आताशा मला खोडायला काही उरत नाही."

एवढं कौतुक त्यांनी माझ्या तोंडावर कधीच केलं नव्हतं. ती नोकरी मला मिळाली आणि तिच्याच जोरावर मी आजवर स्वतःच्या पायांवर उभी आहे. अक्का आता नाहीत, म्हणून त्यांचे उपकार इथे मोकळेपणानं सांगते. पण त्या दुपारी यातलं काहीच ठरलेलं नव्हतं. मी पदरानं डोळे पुसत होते. अक्कांनी फोन ठेवला, रावकाकांकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "बसला."