पाणी सोडण्याआधीचं गाणं

माझ्या मावशीला सगळं गाव भोंगेबाई म्हणायचं, आणि तिला ते नाव मुळीच आवडायचं नाही. ती धरणाच्या कंट्रोल रूममध्ये कामाला होती. काम सांगायला सोपं. वरून हुकूम आला की भोंगा वाजवायचा, घड्याळ लावून वीस मिनिटं थांबायचं, मग दरवाजे उघडायचे. खाली वळणापलीकडे नदीच्या पात्रात माणसं असायची, धुणी धुणाऱ्या बायका, वाळू भरणारे, गळ टाकून बसलेले रिकामटेकडे. त्यांनी वेळेत वर यावं म्हणून तो भोंगा. मावशीच्या खोलीतून दरवाजे दिसायचे, पाण्याचा काटा दिसायचा, पण वळणापलीकडची माणसं दिसायची नाहीत. तरी भोंग्याच्या बावीस वर्षांत एकही माणूस वाहून गेला नाही, हे कुणी विचारो न विचारो, ती सांगायची. मीही तेच आधी सांगते, कारण पुढचं सांगायला जीभ रेटत नाही.

तिचा जीव मात्र गाण्यात होता. गाणं म्हणजे तसलं विलायती, तासन्‌तास चालणारं, व्हायोलिनं आणि बासऱ्या, लिहिणारा मरून दोन-अडीचशे वर्षं झालेली. दर रविवारी दुपारी ती बाहेरच्या खोलीत सहा खुर्च्या मांडायची आणि तबकडी लावायची. येणारे तीन. एक निवृत्त शिक्षिका, ती पाचव्या मिनिटाला झोपायची. एक शेजारी, तो बिस्किटांसाठी. आणि मी, कारण ती माझ्या आईची सख्खी बहीण आणि तिला नाही म्हणायची माझी छाती नव्हती.

काका, म्हणजे मावशीचा नवरा, मागच्या खोलीत मशीनवर चष्म्याच्या काचा घासत बसायचे, दार लावून. "ह्यांना कुठलं कळतंय गाणं!" असं मावशी मुद्दाम मोठ्याने म्हणायची. आतून उत्तर यायचं, की मला दोनच गाणी कळतात, एक मशीन चालू आणि एक मशीन बंद. आम्ही हसायचो. मावशी हसायची नाही. तिने मला एकदा सरळ सांगितलं होतं, "मूल नाही झालं, त्याचं काही नाही गं. पण ह्यांनी एकदा, एकच गाणं पुरतं ऐकावं आणि काहीतरी बोलावं. वाईट बोलले तरी चालेल." तेव्हा मला ते ऐकून कसंतरीच झालं होतं.

मग धरणावर नवे मोठे साहेब आले. भोंग्याने तान्ही मुलं दचकतात, दवाखान्यातले पेशंट घाबरतात, अशी तक्रार होतीच. साहेबांनी दोन्ही काठांना खांब रोवले, खांबांवर कर्णे बसवले, आणि म्हणाले, आता भोंगा बंद, संगीत वाजवा. कुठलं वाजवायचं? सगळ्यांनी मावशीकडे बोट दाखवलं. तिच्या हाताखालचा वायरमन तेवढा म्हणाला होता, की बाई, काहीतरी कर्कश निवडा, ऐकून माणूस उठला पाहिजे. मावशीने त्याला उडवून लावलं. लोकांना घाबरवायचं नाही, हे साहेबांनीच सांगितलंय म्हणे. खरं कारण ते नव्हतं. अख्ख्या गावाला बळजबरीने चांगलं गाणं ऐकवायची संधी आयती चालून आली होती, ती मावशी सोडते होय?

आठ दिवस घालवून तिने एक संथ तुकडा काढला, साडेसहा मिनिटांचा. त्याचं खरं नाव लांबलचक, मध्ये आकडे. गावाने त्याला पाण्याचं गाणं करून टाकलं. पहिले काही महिने लोक ऐकायचे आणि लगबगीने वर यायचे, जसं भोंग्याला यायचे तसंच. मग ते गाणं काठावरून गावात शिरलं. पाववाला शिट्टीवर वाजवायला लागला. टेम्पो मागे घेताना तेच, शाळा सुटताना तेच, लोकांच्या फोनमध्ये तेच. मी औषधांच्या दुकानात काउंटरवर असते. मी गोळ्या शोधेपर्यंत समोरचं गिऱ्हाईक तेच गुणगुणत उभं. माझे कान किटले. मावशी मात्र हवेत. रविवारी आता वीस-वीस माणसं यायची, खुर्च्या पुरायच्या नाहीत, आणि हे गाणं आज कुठे कुठे ऐकू आलं ते ती वहीत लिहून ठेवायची.

यावरून आमची दर रविवारी जुंपायची. शेकडो गाणी पडून आहेत, मग हेच का डोक्यावर घेतलं लोकांनी? मावशी म्हणायची, ते घराच्या दारापर्यंत येतं आणि परत फिरतं, पुन्हा येतं, पुन्हा फिरतं, आणि अगदी शेवटी खालच्या एका लांब सुरावर घरात शिरतं. कानाला तो शेवट हवाहवासा होतो. मी म्हणायची, कसलं काय! कानावर रोज आदळलं की भांड्यांची खडखडसुद्धा आवडायला लागते. ती मला अरसिक म्हणायची, मी तिला शिष्ट म्हणायची. एकदा खोकल्याचं औषध न्यायला धुणंवाली आली, तिला मी सहज विचारलं. ती म्हणाली, "कळत तर काही नाही. पण ते लागलं की काम थांबवायचंच असतं ना, मुकादमसुद्धा बोलत नाही. तेवढीच साडेसहा मिनिटं हात कोरडे." मला तिचं पटलं. पण "साडेसहा मिनिटं" हा शब्द डोक्यात राहिला. गाणं लागल्याबरोबर पात्र सोडायचं असतं, असा नियम होता. मग ही बाई साडेसहा मिनिटं मोजत कुठे बसते?

ते मला चौथ्या वर्षी दिसलं. पलीकडच्या काठावर एका म्हाताऱ्यांना औषध पोचवायला पुलावरून जात होते, तेवढ्यात गाणं लागलं. मी कठड्याशी थांबले. खालचं कुणी उठेना. बायका धुणं बाजूला सारून मांडी घालून बसल्या. वाळूवाल्यांनी फावडी टेकवली. इतकंच असतं तरी एक वेळ ठीक, पण वरून माणसं पायऱ्या उतरून खाली येत होती. पात्राच्या मधोमध एक सपाट खडक आहे. दोन्ही काठांचे कर्णे तिथे एकमेकांना मिळतात, तिथे सर्वांत चांगलं ऐकू येतं, म्हणून. पाणी सोडायच्या इशाऱ्याला लोक पाण्यात उतरत होते.

आणि त्या खडकावर, घडीच्या स्टुलावर, काका.

मी तशीच खाली गेले. मला पाहून त्यांचा चेहरा चोरी पकडल्यासारखा झाला. आधी म्हणाले, गुडघ्याला ऊन द्यायला आलोय. मग स्वतःच हसले आणि म्हणाले, "मावशीला सांगू नकोस हं." मी म्हटलं, अहो, तिला किती आनंद होईल. "म्हणून तर. तीस वर्षं मशीन चालू, मशीन बंद करत तिची टिंगल केली. आता कुठल्या तोंडाने सांगू? दोन महिन्यांनी लग्नाचा वाढदिवस आहे. त्या दिवशी तिच्यासमोर अख्खं शिट्टीवर वाजवणार. सगळं बसलंय, फक्त शेवट जमत नाही. तो नीट ऐकायला तीन महिने झाले इथे येतोय." त्यांनी मला थोडं वाजवून दाखवलं. बेसूर होतं, पण ओळखू येत होतं. मला रडूच आलं.

मी पाण्याचं विचारलं. त्यांनी मला समजावलं, जसं लहान मुलीला समजावतात तसं. गाणं संपल्यावर तेरा मिनिटं हातात असतात, गाणं संपलं की सगळे उठतात. दमट हवेत कर्णे मध्येच बंद पडतात, कधी पाच मिनिटं, कधी दहा, मग जिथे थांबलं तिथूनच पुन्हा सुरू. "काळजी करू नकोस, बाळ. गाणं संपल्याशिवाय पाणी येत नाही. सगळ्यांना माहीत आहे." मी त्यांना वचन दिलं, सांगणार नाही म्हणून. त्या दिवशी गाणं संपलं, सगळे उठले, काकाही लंगडत वर आले, आणि मला वाटलं, आपण उगाच घाबरलो.

लोक खाली उतरतात ही बातमी वायरमनने मावशीला दिली. कोण उतरतं ते त्याला माहीत नव्हतं. मावशी पांढरीफटक पडली. दुसऱ्याच दिवशी तिने अर्ज दिला, की भोंगा परत सुरू करा. साहेबांनी उत्तर दिलं, चार वर्षांत एक तक्रार नाही, लोक खूश आहेत, बदलायचं कारण दिसत नाही. तिने पुन्हा अर्ज दिला, पुन्हा तेच उत्तर. पाच आठवडे अशीच चालढकल. घरी ती जेवेना. वही तिने कपाटात टाकून दिली.

मग तो रविवार. तिने कुणालाच बोलावलं नव्हतं, एकटी मीच. ती म्हणाली, "उद्यापासून मी चौथ्या मिनिटाला तोडणार. मध्येच, सूर चालू असताना. एकदा चिडतील, दोनदा चिडतील, मग आवडेनासं होईल. आणि उठतील."

मी म्हटलं, "तूच म्हणतेस ना, कानाला शेवट हवा असतो? मग ते शेवटाची वाट बघत बसतील."

"तुला गाण्यातलं कधी कळलंय?"

एवढंच ती म्हणाली. पण राग माझ्या नाकाच्या शेंड्यावर. चार वर्षं मी अरसिक, चार वर्षं मला अक्कल नाही, आणि आता निस्तरायची वेळ आली तरी हिचंच खरं. मी पर्स उचलली आणि तावातावाने निघाले. काकांनी मला सांगितलेलं, गाणं संपल्याशिवाय पाणी येत नाही, हे त्या क्षणी माझ्या डोक्यात होतं का? होतं. कुठेतरी होतं. मागच्या खोलीत मशीन घरघरत होतं. त्या दारावर टकटक करायला मला कितीसा वेळ लागला असता? पण मला वाटलं, मरो ते गाणं, ह्यांचं हे बघून घेतील.

सोमवारी सकाळी हुकूम आला. वरच्या डोंगरात दोन दिवस पाऊस कोसळत होता, त्यामुळे नेहमीपेक्षा जास्त दरवाजे उघडायचे होते. दुकानात गर्दी होती. गाणं लागलं ते मी ऐकलं, कारण समोरची बाई त्याबरोबर मान हलवत होती. मग ते तुटलं. कुणी तोंडावर हात ठेवावा तसं. मी हातातल्या पट्टीवरच्या गोळ्या मोजत राहिले. त्या बाईची मान तशीच वर. दोन मिनिटं गेली असतील, पाच गेली असतील. मी म्हटलं, बिल झालं. ती म्हणाली, "थांबा हो, अजून संपलेलं नाही."

मी दुकान उघडं टाकून धावले. दुकानापासून पूल दहा मिनिटांवर. पुलावरून ओरडले, किती ओरडले ते आठवत नाही. खाली सगळे खांबाकडे बघत होते, एकजण कर्ण्याकडे बोट दाखवून हसत होता. धुणंवालीने मला पाहिलं. माझं ऐकू आलं की माझा चेहरा दिसला, कोण जाणे, पण ती उठली आणि इतरांना हाका मारत, ओढत पायऱ्यांकडे घेऊन गेली. काकांनीही मला पाहिलं. त्यांनी हात वर केला आणि एक बोट कानाला लावलं. थांब, म्हणून. मग वळणावरून आवाज आला, आणि ते उठले, पण गुडघा. नऊ माणसं वर आली. ते आले नाहीत.

चौकशी झाली. साहेबांची बदली झाली, मावशीला घरी बसवलं, भोंगा परत आला. काकांचं शरीर दुसऱ्या दिवशी खालच्या बंधाऱ्याला सापडलं. लोकांनी मावशीला फार बोल लावला नाही, लावला असता तर बरं झालं असतं असं मला वाटतं. ती खिडकीशी बसून असायची. तेराव्या-चौदाव्या दिवशी तिने मला विचारलं, हे तिथे काय करत होते? मी म्हटलं, गुडघ्याला ऊन द्यायला जायचे. खोटं नव्हतं, ते स्वतःच म्हणाले होते तसं.

मावशीने खिडकी लावून घेतली. मग तिचा चेहरा रागाने लाल झाला. "तीस वर्षं माझं एक गाणं ऐकलं नाही ह्या माणसाने. सगळं गाव ऐकत होतं. त्या दिवशी तरी कान द्यायचे होते! सगळे उठले, हे बसले. लक्षच नसणार. ह्यांचं कधी होतं लक्ष?"

मी म्हटलं, "नव्हतंच गं."

त्या रागावर ती उठली. त्या दिवशी जेवली. आता रोज सकाळी ती त्यांना दोन शब्द सुनावते, भिंतीकडे बघून, आणि मग दिवसाला लागते. मी मान डोलावते. खरं सांगितलं तर काय होईल? तिला आयुष्यात जे एकच हवं होतं ते मिळालं होतं, चांगले चार-पाच महिने मिळालं होतं, आणि ते तिनेच चौथ्या मिनिटाला तोडलं. हे मी तिला कसं सांगू? मला माझं तरी कुठे सांगता येतंय?

पण त्या दिवशी वर आलेली नऊ माणसं याच गावात आहेत. रोज खडकावर बसून शेवटाची शिट्टी जमवणारे काका त्यांनी पाहिलेत. परवा धुणंवाली काउंटरवर आली. डोळे भरून म्हणाली, "बाईंना भेटून सांगायचंय, काकांचा किती जीव होता त्या गाण्यावर. त्यांना तेवढंच समाधान." मी तिला म्हटलं, मीच सांगते, तुम्ही येऊ नका. ती हो म्हणाली, पण तिला ते पटलेलं दिसलं नाही. बाकीचे आठ राहिलेच. सगळी चांगली माणसं आहेत.

म्हणून मी दुकानातून निघाले की तडक मावशीकडे जाते, आणि सुट्टीच्या दिवशी सकाळपासूनच. दार वाजलं की मीच उघडते.